जनावरांच्या मळीपासून रम नको, शिरका करा : प्रमाण, भांडी आणि बिघडण्याची कारणं

दूधगंगाकाठ :
चिक्कोडी, निपाणी, रायबाग, अथणी, गोकाक या पट्ट्यात हंगाम सुरू झाला की एक प्रश्न हमखास येतो. गोठ्यासाठी कॅनमधनं येणारी स्वस्त मळी आंबवून घरी रम करता येईल का? उत्तर आधी देतो, म्हणजे धागा तिकडं भरकटायला नको. गाळायचं नाही. कर्नाटक अबकारी कायदा 1965 खाली परवान्याशिवाय दारू गाळणं गुन्हा आहे, आणि गाळण्यासाठी घातलेलं कच्चं रसायन, म्हणजे आंबवलेला द्रव, नुसतं सापडलं तरी माणूस अडकतो. त्यामुळं इथं भट्टीविषयी काही लिहू नका.

पण त्याच साखरेला एक पायरी पुढं नेलं की चांगला शिरका, म्हणजे व्हिनेगर होतो. आधी यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं, मग हवेच्या मदतीनं जिवाणू त्या अल्कोहोलचं ॲसिटिक आम्ल करतात. आपल्या ऊसपट्ट्यात हे घरोघरी व्हायला पाहिजे होतं. होत नाही, कारण नेमकं प्रमाण कुणी लिहून ठेवलेलं नाही. ते इथं लिहूया.

पहिला घोळ शब्दाचा. आपल्याकडं ‘मळी’ तीन वेगळ्या गोष्टींना म्हणतात. गुऱ्हाळात काहिलीवर येणारा फेस झाऱ्यानं काढतात, ती मळी. कारखान्यातनं शेतात खत म्हणून टाकतात तो काळा भुसभुशीत प्रेसमड, तीही मळी. आणि साखर काढून उरलेला काळा घट्ट पाक, मोलॅसिस, तीही मळीच. या धाग्यात मळी म्हणजे फक्त तिसरी. पहिल्या दोन्ही शिरक्याच्या कामाच्या नाहीत.

चुलवाण_निपाणी :
चांगला विषय काढलात अण्णा. मळी आणि काकवी यातला फरक पहिल्यांदा सांगितला पाहिजे, कारण बरेच लोक दोन्ही एकच धरतात.

काकवी म्हणजे उसाचा रस आटवून, गूळ होण्याच्या आधी उतरवलेला पाक. त्यातली साखर कुणी काढून घेतलेली नसते. काहिलीतला पाक 105-106 अंशाला आला की काकवी उतरवतात, गुळासाठी 118 पर्यंत न्यावा लागतो. बऱ्या काकवीचा ब्रिक्स, म्हणजे विरघळलेल्या ऐवजाचा टक्का, 72 ते 76 असतो आणि तो जवळपास सगळा साखरेचाच.

कारखान्याच्या मळीतनं दोन-तीन वेळा साखर काढलेली असते. शेवटच्या, म्हणजे सी-हेवी मळीचा ब्रिक्स 85 च्या वर असतो, पण आंबू शकणारी साखर वजनाच्या साधारण 40 ते 50 टक्केच. बाकी राख, पोटॅशचे क्षार, चुना, करपलेली साखर आणि आंबवून न जाणारी काळी द्रव्यं. राखच 10 टक्क्यांच्या पुढं असते. बी-हेवी मळीत साखर जास्त असते, पण ती इथेनॉलकडं जाते. गोठ्याच्या कॅनमध्ये बहुतेक सी-हेवीच येते.

तेव्हा स्वस्त दिसते म्हणून मळी घेणाऱ्यांनी किलोला किती साखर पडते तो हिशेब करून बघावा. किलोभर काकवीची साखर मिळवायला दीड किलोच्या वर मळी लागते, आणि सोबत क्षारांची घाण येते.

मार्कंडेय_खोरं :
यात एक भर. गोठ्यासाठी विकलेली मळी माणसाच्या खाण्यासाठी म्हणून भरलेली नसते. काही ठिकाणी तीत युरिया मिसळलेला असतो, काही ठिकाणी बुरशी येऊ नये म्हणून प्रोपिओनिक आम्ल. ड्रम आधी कशाचा होता याचाही भरवसा नसतो. युरिया मिसळलेली मळी शिरक्याला अजिबात घेऊ नका. आंबताना युरिया आणि अल्कोहोल यांच्यापासून इथाइल कार्बामेट तयार होतं, ते शरीराला घातक आहे. प्रोपिओनिक असेल तर यीस्ट मंदावू शकतं.

माझं मत स्पष्ट आहे. खाण्याचा शिरका करायचा तर काकवी नाहीतर ताजा रस. चव गडद पाहिजे असेल तर पाचवा हिस्सा मळी, तीही कोऱ्या कॅनमधली, काहीही न मिसळलेली. नुसत्या मळीचा शिरका गोठा धुवायला आणि भांड्यांवरचे क्षार काढायला ठेवावा. जेवणात त्याची चव खारट-कडवट लागते, कारण पोटॅश जसाच्या तसा उतरतो.

दूधगंगाकाठ :
हे पटलं. तर 20 लिटरचं प्रमाण देतो. भांडं 30-35 लिटरचं घ्या, फेस वर येतो.

काकवी 3.1 किलो. पाणी घालून एकूण 20 लिटर करायचं. क्लोरीनचं नळाचं पाणी असेल तर उकळून गार केलेलं घ्या. हायड्रोमीटरवर, म्हणजे द्रवात तरंगत ठेवून घनता मोजायच्या काचेच्या नळीवर, ब्रिक्स 11 ते 12 यायला पाहिजे. याच्यातनं साडेसहा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल होतं, आणि शिरक्याला तेवढंच लागतं. जास्त गोड करू नका. अल्कोहोल 8-9 टक्क्यांच्या वर गेलं की घरच्या भांड्यातले ॲसिटिकचे जिवाणू मंदावतात.

आंबटपणा पीएच 4.5 ते 5 वर आणायचा, पीएचचा आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट. गुऱ्हाळात रसाला चुना घालतात, त्यामुळं काकवी कमी आंबट असते. 20 लिटरला 10 ग्रॅम सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबूसत्त्व, घालून पीएचच्या कागदी पट्टीनं तपासा, लागलं तर थोडं-थोडं वाढवा. लिंबाचा रसही चालतो.

कोरडं यीस्ट 10 ग्रॅम. बेकरीचं चालतं, वाईनचं असलं तर वास जास्त स्वच्छ येतो. 35 ते 38 अंशाच्या कोमट पाण्यात 15 मिनिटं भिजवून, फसफसल्यावर मग ओतायचं. पाणी हाताला चटका देत असेल तर यीस्ट तिथंच मरतं.

यीस्टला नत्र लागतो, काकवीत तो अगदी कमी असतो. खाद्य दर्जाचं डायअमोनियम फॉस्फेट (डीएपी) 10 ग्रॅम, म्हणजे लिटरला अर्धा ग्रॅम. ते मिळालं नाही तर 15-20 ग्रॅम बेकरी यीस्ट थोड्या पाण्यात पाच मिनिटं उकळून, मेलेलं यीस्टच अन्न म्हणून घालायचं. हे सगळ्यात सोपं.

अथणीकर_भाऊ :
डीएपी तर आपल्या शेडात पोत्यानं पडलेलं असतंय की. 18:46 वालं. ते का नको?

मार्कंडेय_खोरं :
खताचं डीएपी खनिज फॉस्फेटपासून बनतं, त्यात फ्लोराइड आणि कॅडमियमसारखे जड धातू राहतात. पिकाला चालतं, बरणीत नको. वरनं रंगाचा थर पण असतो. खाद्य दर्जाचं 10 ग्रॅम आणि खताचं 10 ग्रॅम यात वाचतं ते काही रुपये.

चुलवाण_निपाणी :
आता गुऱ्हाळाच्या बाजूनं बोलतो, कारण निम्मे शिरके इथंच फसतात आणि दोष यीस्टला जातो.

गूळ पिवळा दिसावा म्हणून रसात हायड्रोस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, टाकायची पद्धत अजून आहे. काकवी टिकावी म्हणून पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालतात. दोन्हीतनं सल्फर डायऑक्साइड सुटतो, आणि तो यीस्टला नि ॲसिटिकच्या जिवाणूंना रोखतो. जिवाणू तर त्याच्या अगदी थोड्या प्रमाणानंही थांबतात. काकवी घेतानाच गुळव्याला सांगून ठेवा : रानभेंडीच्या रसानं मळी काढलेली, चुना बेतानं, बाकी पावडर काही नको. सायट्रिक आम्ल घातलेलं असलं तर अडचण नाही, ते साखर जमू नये म्हणून घालतात.

आधीच सल्फाइट घातलेली काकवी गळ्यात पडली असेल तर पातळ करून, लिंबूसत्त्व घालून, उघड्या भांड्यात 15-20 मिनिटं उकळा. आंबट द्रवातनं सल्फर डायऑक्साइड उष्णतेनं निघून जातो. सगळाच जाईल असं नाही, पण यीस्ट उठण्याइतका जातो. उकळताना तोंड भांड्यावर धरू नका, खोकला लागतो.

ताज्या रसानं करायचं असेल तर 12 लिटर रस आणि 8 लिटर पाणी. को 86032 सारख्या उसाचा पक्व रस 18 ते 20 ब्रिक्सचा असतो, तो 11-12 वर येतो. ऊस तोडून दिवस उलटलेला नको. शिळ्या उसात ल्युकोनोस्टॉक नावाचा जिवाणू साखरेचा डिंक करतो, रस बुळबुळीत होतो आणि यीस्टला खायला साखर कमी उरते. गाळून घेतलेला रस एकदा उकळून, वरची मळी काढून, गार करून मगच यीस्ट घाला. कच्चा रस आंबतो खरा, पण काय आंबवतंय हे आपल्या हातात राहत नाही.

शिरगुप्पी :
मळी मिसळायची असेल तर ती थेट नको. मळीत तेवढंच गरम पाणी, 70-80 अंशाचं, घालून ढवळायचं, आंबटपणा 4.5 वर आणायचा आणि रात्रभर ठेवायचं. चुन्याचे क्षार आणि गाळ तळाला बसतो, वरचं काढून घ्यायचं. मळीचा आंबटपणा सहज हलत नाही, काकवीपेक्षा कितीतरी जास्त लिंबूसत्त्व लागतं. चमच्यावर जाऊ नका, पट्टीवर जा.

अथणीकर_भाऊ :
एक शंका. नुसत्या मळीच्या द्रवाचा ब्रिक्स सुरुवातीला 20 येतोय आणि आठ दिवसानं पण 8-9 च्या खाली जाईना. आंबणं अडकलं असं समजायचं काय? परत यीस्ट घालायचं?

शिरगुप्पी :
नाही भाऊ, परत घालू नका. ब्रिक्स म्हणजे साखर नव्हे, विरघळलेलं जे काही आहे ते सगळं. या धाग्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

हिशेब असा. 5 किलो मळी 20 लिटरात. मळीचा ब्रिक्स 86 धरला तर विरघळलेला ऐवज 4.3 किलो. त्यात आंबणारी साखर 45 टक्क्यानं 2.25 किलो. बाकीचे दोन किलो क्षार आणि काळी द्रव्यं, त्यांना यीस्ट हात लावत नाही. साखर पूर्ण संपल्यावरही ते दोन किलो द्रवात असतातच, म्हणून हायड्रोमीटर 8-9 वर थांबतो. काकवीचा द्रव मात्र 11-12 वरनं शून्य-एकवर येतो, कारण तिथं जवळपास सगळी साखरच.

अडकलंय का संपलंय हे आकड्यावरनं नव्हे, आकडा हलायचा थांबलाय का त्यावरनं ओळखायचं. दोन दिवस तोच आकडा, बुडबुडे बंद, चवीला गोडवा नाही : संपलं. आकडा तोच पण जिभेला गोड लागतंय : अडकलं. आणि रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे थेंबातनं उजेड बघून ब्रिक्स दाखवणारं यंत्र, आंबणं सुरू झाल्यावर बाजूला ठेवा. अल्कोहोलमुळं तो चुकीचा आकडा दाखवतो.

मळीतनं ब्रिक्स बघून 11-12 चा द्रव केला तर साखर निम्मीच पडते. मग अल्कोहोल तीन टक्के, आणि शिरका इतका कमजोर की त्याला महिन्यात बुरशी येते. मळीच्या शिरक्याची बहुतेक तक्रार इथनंच सुरू होते.

अथणीकर_भाऊ :
हे कुणी सांगितलंच नव्हतं. उमगलं बघा.

घटप्रभा_अक्का :
तापमानाचं कुणी बोललं नाही अजून. यीस्टचं काम 28 ते 32 अंशावर छान चालतं. आंबताना द्रव स्वतःच तापतो, 20 लिटरच्या कॅनचं तापमान खोलीपेक्षा दोन-तीन अंश वर जातं. एप्रिल-मेमध्ये अथणी-रायबागकडं बाहेर 40 असताना पत्र्याच्या शेडात ठेवलं तर यीस्ट अर्ध्यात दमतं आणि वास उग्र येतो. कॅनला ओलं गोणपाट गुंडाळून, परातीत पाणी घालून त्यात ठेवायचं, मातीच्या घरात खालच्या अंगाला. बेळगाव शहर, खानापूर उंचावर, तिथं डिसेंबर-जानेवारीच्या रात्री 15 अंशाच्या आसपास उतरतात. तेव्हा यीस्टला आठवड्याऐवजी दोन आठवडे लागतात आणि पुढचे जिवाणू तर झोपल्यासारखेच असतात. चुलीच्या भिंतीच्या पलीकडची जागा उत्तम.

पहिल्या दिवशी यीस्ट घालायच्या आधी द्रव जोरात ढवळून हवा भरायची. त्यानंतर हवा बंद. झाकणाला नळी लावून तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत सोडायचं. झाकण घट्ट लावून नळी नाही ठेवली तर कॅन फुगून फुटतो. आणि हे काम बंद खोलीत नको, कार्बन डायऑक्साइड खाली साचतो.

चार ते सात दिवसात बुडबुडे थांबतात. मग तळाचा गाळ न हलवता वरचं नळीनं दुसऱ्या भांड्यात घ्यायचं. गाळात मेलेलं यीस्ट असतं, तो सोबत राहिला तर शिरक्याला कुजका वास येतो. गाळ जनावराला घालू नका, अल्कोहोल असतं त्यात. उकिरड्यात टाका, खत चांगलं होतं.

दूधगंगाकाठ :
अक्कांनी अर्धं काम केलं. आता दुसरी पायरी.

गाळून घेतलेला द्रव तसाच साठवून ठेवायचा नाही. त्याच दिवशी त्यात जिवंत शिरका मिसळायचा, 20 लिटरला 5 लिटर. याची दोन कारणं. एक, सुरुवातीलाच एक टक्का आम्ल मिळालं की बुरशी आणि नको ते यीस्ट मागं हटतं. दुसरं, आंबट झालेला द्रव पिण्याचाही राहत नाही आणि गाळण्याचाही. घरात अल्कोहोलचा द्रव पडून राहणं कायद्याच्या नजरेनं बरं नव्हे, म्हणून या पायरीला उशीर नको. विक्रीचा विचार असेल तर भांडी घ्यायच्या आधी तालुक्याच्या अबकारी कार्यालयात विचारून, लेखी घेऊनच पुढं जावं.

जिवंत शिरका म्हणजे न गाळलेला, न उकळलेला, तळाला पडदा असलेला. बाजारात ‘मदर’ लिहिलेला सफरचंदाचा शिरका मिळतो तो चालतो. गोव्याकडचा माडाचा शिरका घरगुती असला तर आणखी चांगला. किराणा दुकानातला पांढरा शिरका बहुतेक वेळा पाण्यात मिसळलेलं ॲसिटिक आम्ल असतं, त्यावर सिंथेटिक लिहिलेलं असतं. त्यात जीव नसतो, तो उपयोगाचा नाही.

पहिल्याच वेळी 5 लिटर कुठनं आणणार? एक लिटर आणा, चार लिटर द्रवात वाढवा, ते तयार झालं की पुढच्या मोठ्या घाण्याला वापरा. घाई केली आणि 20 लिटरला अर्धाच लिटर घातला तर निम्म्या वेळा बुरशी जिंकते.

भांडं पसरट तोंडाचं, अर्धं ते दोन तृतीयांश भरलेलं. या जिवाणूंना हवा पाहिजे, अन्नाइतकीच. वर तलम सुती कापड घट्ट बांधा, चिलटं आत गेली नाही पाहिजेत. अंधार, 28-32 अंश, आणि हलवायचं नाही. आठवड्याभरात वर पातळ साय धरते, तीच ‘मदर’. ती बुडवू नका. बुडाली तर नवी धरेपर्यंत काम थांबतं. सहा-आठ आठवड्यात शिरका होतो.

घटप्रभा_अक्का :
भांड्याचं नीट लिहा. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, जस्ताची बादली यातलं काहीच नको. आम्लात तांबं आणि जस्त उतरतं, माणूस आजारी पडतो. लोखंडानं शिरका काळा पडतो. काच, चिनी मातीची बरणी किंवा खाद्य दर्जाचा एचडीपीई, म्हणजे जाड प्लास्टिकचा, ड्रम. चकाकीचं रंगीत मातीचं भांडं नको, चकाकीत शिसं असू शकतं.

खानापूरकर :
खानापूर कुंभारकामासाठी नावाजलेलं आहे, ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही इथंच आहे. पण साध्या भाजलेल्या माठात शिरका झिरपतो. पंचवीस लिटरातला बराच भाग भिंतीतनं जातो, बाहेर आंबट ओल आणि चिलटांचा थवा. माठच वापरायचा हट्ट असेल तर आतनं मधमाशीचं मेण वितळवून फिरवून घ्या. नाहीतर काचेची बरणी बरी.

मार्कंडेय_खोरं :
बिघडतं कसं, वासावरनं आणि डोळ्यावरनं ओळखायचं.

सडक्या अंड्याचा वास पहिल्या पायरीत : यीस्ट उपाशी आहे, नत्र कमी पडला किंवा सल्फाइट शिल्लक आहे. उकळलेलं यीस्ट घाला, दोन-तीन दिवसात जातो. दुसऱ्या पायरीत नेलपॉलिशचा वास : इथाइल ॲसिटेट. हवा कमी मिळतेय, अल्कोहोल आणि आम्ल एकत्र बसून ते होतं. कापड जाड आहे का, भांडं गळ्यापर्यंत भरलंय का बघा. थोड्या प्रमाणात असेल तर उघडं ठेवल्यावर उडून जातो.

पांढरा, कोरडा, सुरकुतलेला पापुद्रा : हे रानटी यीस्ट, ॲसिटिकची साय नव्हे. खरी साय ओलसर, गुळगुळीत, चिवट असते. सुरकुतलेली दिसली तर आम्ल कमी पडलंय, काढून टाका आणि जिवंत शिरका वाढवा. हिरवी-काळी केसाळ बुरशी दिसली तर सगळं टाकून द्या, वरनं काढून चालत नाही.

बारीक हलणारे धागे, उजेडासमोर धरल्यावर दिसणारे, ते शिरक्यातले सूत्रकृमी. माणसाला अपाय करत नाहीत, पण साय खातात. गाळून, 65-70 अंशाला 10-15 मिनिटं गरम केला की मरतात. भांडंही उकळत्या पाण्यानं धुवा.

आणि सगळ्यात फसवी चूक म्हणजे शिरका झाल्यावर तसाच उघडा ठेवणं. अल्कोहोल संपलं की तेच जिवाणू आम्लच खायला लागतात, त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करतात. चार आठवड्यात 5 टक्क्यांचा शिरका 3 वर येतो आणि लोक म्हणतात हवामान लागलं. तयार झाला की लगेच गळ्यापर्यंत भरून घट्ट बंद.

अथणीकर_भाऊ :
तयार झाला हे कळणार कसं? पट्टीवर पीएच 3 च्या खाली आला की झालं काय?

शिरगुप्पी :
पीएचवरनं टक्का कळत नाही, तोच घोळ बाकी क्षारांमुळं मळीत जास्त होतो. मोजमाप करावं लागतं, अवघड नाही. कॉस्टिक सोडा 20 ग्रॅम एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात : हे 0.5 नॉर्मल झालं. कातडी जाळतो, हातमोजे आणि चष्मा घाला, सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर नाही. शिरका 5 मिली घेऊन त्यात 50 मिली पाणी, आणि फिनॉल्फथॅलीनचे, म्हणजे आम्ल संपलं की गुलाबी होणाऱ्या द्रवाचे, दोन-तीन थेंब. पिचकारीनं सोडा थेंब थेंब सोडायचा, गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबायचं. लागलेल्या मिलीला 0.6 नं गुणलं की आम्लाचा टक्का. 7 मिली लागले तर 4.2 टक्के, साडेआठ लागले तर 5.1.

मळीच्या काळ्या शिरक्यात गुलाबी दिसत नाही. तिथं पाणी जास्त घालून बघा, तरी नाही जमलं तर पीएच मीटर लावून 8.2 वर थांबा.

दर आठवड्याला मोजा. दोन आठवडे आकडा वाढला नाही की झाला.

दूधगंगाकाठ :
वरच्या प्रमाणानं 5 टक्क्यांच्या आसपास येतो. विकायचा असेल तर एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमात आंबवून केलेल्या शिरक्यात निदान 3.75 टक्के ॲसिटिक आम्ल लागतं. आम्ल पाण्यात मिसळून केलेल्यावर सिंथेटिक लिहिणं बंधनकारक आहे. म्हणून आपल्या बाटलीवर उसाचा, आंबवून केलेला, असं अभिमानानं लिहा.

लोणच्याला वापरताना 5 टक्क्यांच्या खालचा नको. मिरची, कांदा, लसूण यांचं पाणी सुटून शिरका आणखी पातळ होतो.

निपाणी_टोलनाका :
गाळणं का नको यावर एकच भर. लोक म्हणतात घरची दारू शुद्ध. 1981 मध्ये बेंगळुरूत विषारी दारूनं तीनशेच्या वर माणसं गेली, तिथं मिथेनॉल होतं. मळीच्या रसायनात मिथेनॉल नगण्य बनतं, ते बाहेरनं औद्योगिक स्पिरिट मिसळल्यानं येतं, आणि ते चवीनं ओळखता येत नाही. हातभट्टीच्या जुगाडी भांड्यातनं शिसं उतरतं ते वेगळंच. आणि मळीचे ड्रम कोगनोळीच्या नाक्यावरनं इकडं-तिकडं नेऊ नका. मळीवर अबकारी खात्याची नजर असते, राज्याची हद्द ओलांडायला परवानगी लागते. गोठ्यासाठी घेतली असेल तरी पावती सोबत ठेवा.

खानापूरकर :
मग गोठ्यासाठी आणलेल्या मळीचं काय करायचं ते पण लिहा की कुणीतरी.

घटप्रभा_अक्का :
ती गोठ्यालाच घाला, तिथंच तिचं खरं मोल आहे. मोठ्या जनावराला दिवसाला अर्धा ते एक किलो, वाळल्या वैरणीवर पाण्यात पातळ करून शिंपडायची. हळूहळू वाढवायची, एकदम घातली की पोटॅशमुळं शेण पातळ होतं. मुरघास करताना वैरणीच्या वजनाच्या एक-दोन टक्के मळी घातली तर आम्ल लवकर धरतं.

मळीत युरिया घालून चाटण करणाऱ्यांनी शिरक्याच्या दोन-चार बाटल्या गोठ्यात ठेवाव्यात. युरिया जास्त गेला तर अर्ध्या-एक तासात जनावर थरथरतं, तोंडाला फेस, पोट फुगतं. डॉक्टरला फोन करायचा आणि सांगायचं की 5 टक्क्यांचा शिरका घरात आहे. मोठ्या गाईला 2 ते 4 लिटर शिरका भरपूर थंड पाण्यातनं नळीनं पोटात सोडतात. पोटातला आंबटपणा वाढला की अमोनिया रक्तात जायचा थांबतो. ते काम डॉक्टरच्या हातानं. फेस आलेल्या जनावराला बाटलीनं पाजलं तर फुफ्फुसात जातं. गोठ्याच्या बाटलीवर टक्का आणि तारीख लिहून ठेवा, म्हणजे फोनवर सांगता येईल.

अथणीकर_भाऊ :
पहिला घाणा काकवीचाच, 3.1 किलो आणि लिंबूसत्त्व. मळी गोठ्यात. फिनॉल्फथॅलीन बेळगावात कुठं मिळतं?

शिरगुप्पी :
शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात. सोबत पीएच 2.8 ते 6 ची बारीक पट्टी मागा, 1 ते 14 ची नको, तिच्यावर 4 आणि 5 मधला फरक दिसत नाही.